दादांच्या रक्तात काय निघालं

मी तोंडानं फटकळ आहे. डायलिसिसच्या युनिटमध्ये बारा वर्षं काढलेली बाई गोड राहत नाही. पेशंट जास्त पाणी पिऊन आला की वजनकाट्यावर उभं करून मी त्याला सगळ्यांसमोर झापते. केळी खाल्ली, ऊस चघळला, लग्नात दोन वाट्या मठ्ठा प्यायला, सगळं माझ्या काट्यावर दिसतं. पेशंट मला भितात, आणि भितात म्हणून जगतात, असं मी म्हणायची. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी काय बोलले ते वाचताना कुणाला नवल वाटायला नको.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला वायरमन होते. रिटायर झाले आणि दोन-तीन वर्षांत शुगरनं त्यांच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. मग आठवड्यातून दोनदा ते माझ्याच युनिटला येऊ लागले. युनिट म्हणजे धाराशिवातल्या एका खाजगी दवाखान्याचा मागचा हॉल. पाच मशिनी, पाच पलंग, एक ट्रॉली आणि मी. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्याचा इथं काही उपयोग नाही.

आई आणि दादा सकाळच्या एसटीनं यायचे. आई डबा घेऊन बाहेर बाकावर बसायची, दादा पलंगावर पडून मशिनीची वायर कुठून कुठं गेलीय ते बघत राहायचे. अर्थिंग नीट नाही म्हणायचे. मी म्हणायची, दादा, तुम्ही आता पेशंट आहात, गप पडा. ते हसून गप पडायचे. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस, पण मी बोलले की ऐकायचा.

डायलिसिससाठी हाताच्या शिरेत ऑपरेशन करून मोठी शीर तयार करतात, तिच्यात सुया टोचतात. दादांची ती शीर बंद पडली. मग त्यांच्या मानेतून एक नळी घातली. ती आतून थेट काळजाजवळच्या रक्तापर्यंत जाते आणि तिची दोन तोंडं छातीवर बाहेर राहतात. तोंडांना टोपणं, वर पट्टी. दर वेळी टोपणं काढायच्या आधी आणि लावताना ती तोंडं औषधाच्या कापसानं पुसायची, हे माझं काम. आणि नळी ओली होऊ द्यायची नाही, हे घरच्यांचं काम. म्हणजे अंघोळ बंद. ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचं. दादांनी पाच महिने असंच काढलं. उन्हाळ्यापासून अंघोळ न केलेला माणूस, अंगाला वास यायला लागला की स्वतःच लांब बसायचा.

मग दिवाळी आली. पहिल्या अंघोळीच्या दिवशी त्यांनी आईकडं हट्ट धरला. आई आधी नको नको म्हणाली. मग तेल लावलं, उटणं लावलं, नळीवर प्लास्टिकची पिशवी ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि पाणी घातलं. दोन तांबे म्हणता म्हणता बादली झाली, हे आईचेच शब्द. अंघोळ झाल्यावर दादा ओट्यावर बसून म्हणाले म्हणे, आज माणसात आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी डायलिसिसला आले. मशीन लावून तास झाला असेल, त्यांना हुडहुडी भरली. पलंग हलायला लागला इतकी. दोन रग टाकले तरी दात वाजत होते. ताप चढला, बीपी खाली आलं. मी पट्टी उघडली. कडा थोड्या सुटलेल्या होत्या आणि उटण्याचा वास आला. मी विचारलं, काय केलंत? दादांनी दाराकडं बघितलं. आई दारात उभी होती. तिनं खरं सांगून टाकलं.

मी तेव्हा जे बोलले ते पाचही पलंगांवरच्या माणसांनी ऐकलं. सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य लिहिते.

"मरायचंच होतं तर माझ्या युनिटला कशाला आलात?"

आईकडं वळून तिलाही बोलले. अडाणीपणा म्हणाले, हजारदा सांगितलं होतं म्हणाले, पिशवी बांधली म्हणून स्वतःला शहाणी समजतीस का म्हणाले. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. दादा थरथरत म्हणत होते, तिला नको बोलू, म्या सांगितलं व्हतं. मी म्हणाले, तुम्ही तर बोलूच नका.

मग नर्स झाले. रक्ताचं कल्चर घेतलं. म्हणजे पेशंटचं रक्त खास बाटल्यांमध्ये घालून पाठवायचं. त्यात जंतू असला की तिथं वाढतो आणि लॅबला तो कोणता ते कळतं. आमच्या बाटल्या सोलापूरला जातात. दादांना वरच्या मजल्यावर भरती केलं, अँटिबायोटिक सुरू झालं. पहिलं लागू पडलं नाही. दुसरं लावलं. सोलापूरहून जे नाव आलं ते आमच्या डॉक्टरांनी दोनदा वाचलं. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा जंतू बघितला नाही म्हणाले. मग पुस्तकात बघून म्हणाले, हा पाण्यातला दिसतोय, सहसा माणसाच्या रक्तात जात नाही.

पाण्यातला. मला अजून काय पाहिजे होतं? वाशीला नळ आठव्या दिवशी येतो, कधी दहाव्या. अंघोळीचं पाणी अंगणातल्या टाकीतलं. मी आईला जिन्यात गाठून सांगितलं, बघ, पाण्यातनंच गेला. ती खाली बघत जिना उतरली.

भरती केल्यावर नवव्या दिवशी सकाळी मी दादांची सलाईनची बाटली बदलत होते. आई खाली चहाला गेली होती. दादांनी माझा हात मनगटाजवळ धरला. हाताला जोर नव्हता.

"चुकलं गं माय माझं," म्हणाले. "तुझं ऐकाया पाहिजे व्हतं."

मी म्हणाले, आता बोलू नका, पडून राहा. मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण वाटलं. इतक्या दिवसांनी माणसाला कळलं तरी, असं वाटलं. मी हात सोडवून घेतला, कारण दुसऱ्या हातात बाटली होती. अकराव्या दिवशी दादा गेले.

तेरावं झाल्यावर मी कामावर आले. लोक म्हणाले, थोडं थांबायचं. थांबून काय करणार होते? मशिनी तर चालूच होत्या, नव्या सिस्टरच्या भरवशावर. मी आल्यावर कळलं की मधल्या काळात अजून दोघांना तशीच हुडहुडी भरली होती. एक तुळजापूरच्या बाई, देवळाच्या रस्त्याला कुंकवाचं दुकान सांभाळणाऱ्या. दुसरे ईट गावचे एक मास्तर. पुढच्या आठवड्यात तिसरा, एक रिक्षावाला, माझ्या डोळ्यांसमोर थडथड कापायला लागला. तिघांच्या कल्चरमध्ये तेच नाव आलं, जे डॉक्टरांनी वीस वर्षांत बघितलं नव्हतं. हे तिघं वाचले. त्यांचं वय कमी होतं आणि तोवर कोणतं औषध चालतं ते दादांवर कळलं होतं.

डॉक्टर घाबरले. त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या लॅबमध्ये त्यांच्या ओळखीच्या मॅडमना फोन केला. त्या अशाच दुर्मिळ जंतूंवर काम करतात. त्या म्हणाल्या, चौघांचे जंतू पाठवा आणि युनिटमधल्या सगळ्या ओल्या वस्तूंचे नमुनेही पाठवा. नळाचं पाणी, आरओचं पाणी, मशिनीतलं पाणी, औषधाचा बंद कॅन, ट्रॉलीवर उघडं वापरातलं जे असेल ते. नमुने मीच भरले. चिठ्ठ्या मीच चिकटवल्या. माझं काम नीट असतं.

भरताना मॅडमना फोनवर सांगितलं, माझ्या वडिलांचा नमुना यात धरू नका. त्यांना घरच्या अंघोळीनं झालंय, ती केस वेगळी आहे. नाहीतर तुमचा हिशोब चुकेल. मॅडम तरुण असाव्यात, आवाज बारीक होता. ताई, पाठवा तर सगळे, म्हणाल्या. वेगळं असेल तर वाचल्यावर आपोआप वेगळं दिसेल.

वाचल्यावर म्हणजे काय ते त्यांनी तेव्हाच समजावलं होतं. जंतूच्या पोटात एक लांबच लांब मजकूर असतो. अक्षरं चारच, पण तीच पुन्हा पुन्हा येऊन पन्नास लाखांच्या वर जातात. पूर्वी जंतूचं फक्त नाव कळायचं. आता त्याचा हा सगळा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचता येतो, त्याला जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. एकाच नावाचे दोन जंतू, एक वाशीच्या टाकीतला आणि एक धाराशिवातला, असतील तर त्यांच्यात हजारो अक्षरांचा फरक निघणार. पण एकाच ठिकाणाहून नुकतेच निघालेले असतील तर फरक एखाद-दुसऱ्या अक्षराचा, मजकूर उतरवताना झालेल्या चुकीएवढा. मला हे लगेच समजलं. बरं झालं म्हणाले, एकदाचं कागदावर येऊ दे.

कागदावर यायला दीड-पावणेदोन महिने लागले. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि बसायला सांगितलं. बारा वर्षांत त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. मॅडम फोनवर होत्या. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की सोलापूरच्या मशिनीनं दिलेलं नावच बरोबर नव्हतं. हा त्याच्या जवळपासचा, त्याहूनही कमी सापडणारा जंतू. राल्स्टोनिया म्हणाल्या. साध्या मशिनी त्याला ओळखायला चुकतात. मी म्हणाले, बरं.

मग त्यांनी डॉक्टरांच्या हातातल्या रिपोर्टमधलं चित्र बघायला सांगितलं. एक दांडी, तिला फाटे. जगात इतर ठिकाणी सापडलेले त्या जातीचे जंतू लांब लांब फाट्यांवर होते. आणि एका कोपऱ्यात पाच रेघा एकमेकींना चिकटून. चार आमच्या पेशंटच्या. पाचवी ट्रॉलीवरच्या बाटलीची.

बंद कॅनमध्ये काही नव्हतं. आरओच्या पाण्यात काही नव्हतं, निदान त्या दिवशी. बाटलीत होतं. नळीची तोंडं पुसायचा कापूस ज्या बाटलीतल्या औषधात मी भिजवते, त्या पांढऱ्या बाटलीत. रिक्षावाल्याचा आणि बाटलीचा फरक एका अक्षराचा. मास्तरांचा दोन, तुळजापूरच्या बाईंचा एक. दादांच्या आणि बाटलीतल्या जंतूत एकाही अक्षराचा फरक नव्हता.

मॅडमनी विचारलं, बाटली रोज रिकामी करून धुता का? मी सांगितलं, नाही. वरून भर घालते.

हे आमच्याकडच्या माणसालाच नीट कळेल. कॅनमधलं दाट औषध आरओच्या पाण्यात पातळ करून बाटलीत भरायचं. संध्याकाळी बाटलीत चार बोटं, कधी सहा बोटं उरायचं. नियम असा की ते ओतून द्यायचं, बाटली धुवायची, सुकवायची, सकाळी नवीन भरायची. तो नियम भिंतीवर लावलेला होता, माझ्याच अक्षरात. पण उरलेलं ओतायला माझा हात गेला नाही, बारा वर्षांत एकदाही नाही. आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात मी वाढले. आमच्या टाकीचा तळ मी लहानपणी कधी बघितला नाही, कारण तळ दिसायच्या आत वरून भर घालायची. भांड्यात उरलेलं पाणी कुणी सांडलं तर आमच्यात तोंडात शिव्या यायच्या. तोच हात घेऊन मी दवाखान्यात आले. आणि ते पाणीही नव्हतं, औषध होतं. औषधात जंतू मरतो, तिथं काय शिळं होणार, असं मी धरून चालले. एकदा तर नव्या सिस्टरला मी उरलेलं ओतताना पकडून दम दिला होता.

मॅडम म्हणाल्या, बाकीचे जंतू मरतात, पण हा पातळ औषधात जगतो. बाटली कधीच रिकामी झाली नाही, त्यामुळं जे जगले ते तिथंच वाढत राहिले. कापसातून नळीच्या तोंडावर, तिथून रक्तात. म्हणून ज्यांच्या मानेत नळ्या होत्या तेवढ्याच चौघांना झालं, हाताच्या शिरेतून डायलिसिस घेणाऱ्यांना कुणालाच नाही. हे माझ्या समोर होतं. मी पेशंटच्या जिभेवरचा ऊस ओळखते आणि हे मला दिसलं नव्हतं.

मी विचारलं, अंघोळीनं काही? त्या म्हणाल्या, नाही ताई. टाकीतला जंतू असता तर मजकूर वेगळा असता.

डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, चूक सगळ्यांची आहे, माझं लक्ष नव्हतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला त्यांचा रागच आला. सगळ्यांची कशी? मी शिकलेली आहे. भिंतीवर मीच लिहिलं होतं. मी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि दोनच्या पाळीचे पेशंट लावले. बाटली फेकली. आता एकदाच वापरायची बंद पाकिटं येतात, फाडायची, पुसायचं, टाकायचं. तिन्ही पेशंटना डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. रिक्षावाला आता दुसरीकडं जातो. तुळजापूरच्या बाई म्हणाल्या, जाऊ द्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं वजन जास्त असूनही काही बोलले नाही.  रडूही आलं नाही. अजून येत नाही. ते यायची मी वाट बघत होते, मग तेही सोडलं.

राहिली आई.

दादा गेल्यापासून आईनं डोक्याला तेल लावलं नव्हतं. घरी कुणी भेटायला आलं की ती एकच गोष्ट सांगायची, त्याच शब्दांत. म्याच पाणी घातलं त्यांच्या अंगावर. दोन तांबे म्हणता म्हणता बादली झाली. माझी पोरगी शिकलेली, तिनं लई सांगितलं व्हतं, म्या ऐकलं न्हाय. येणाऱ्या बाया तिची समजूत काढायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. रिपोर्ट आल्यावर मी दोन रविवार वाशीला जाऊन आले. दोन्ही वेळा रिपोर्ट पर्समध्ये होता. दोन्ही वेळा भाकरी खाल्ली आणि परतीची एसटी धरली. धीर नव्हता, दुसरं काही नाही. माझा भाऊ पुण्याला असतो, त्याला फोनवर सांगावं म्हणून दोनदा नंबर लावला आणि कापला.

तिसऱ्या रविवारी गेले तर शेजारच्या काकू बसल्या होत्या आणि आईचं चालू होतं, दोन तांबे म्हणता म्हणता. मी पायरीवर चप्पल काढत होते. काकू म्हणाल्या, आता काय करता, व्हायचं ते झालं. आई म्हणाली, व्हायचं काय, माझ्या हातनं झालं.

काकू गेल्यावर मी दार लावून घेतलं. आईसमोर खाली बसले. रिपोर्ट काढला, पण तो दाखवून काय उपयोग? तिला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी ते इंग्रजीत होतं. मी तोंडानंच सांगितलं. बाटली कसली, कापूस कसला, उरलेल्यावर भर कशी घालत होते, सगळं. पुण्याला जंतूचा मजकूर वाचला आणि दादांच्या रक्तातला आणि माझ्या बाटलीतला एकच निघाला, हे सांगितलं. पेशंटला समजावते तसं, सपाट आवाजात. मध्ये कुठं थांबले नाही, कारण थांबले असते तर राहिलं असतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग अंघोळीनं काय झालं न्हाय?"

"नाही."

"काईच न्हाय?"

"काहीच नाही, आई. तू पाणी घातलंस त्यानं काही झालं नाही."

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उलटे करून बघितले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. अंघोळ करून लई खूश झाले व्हते, म्हणाली. एवढंच म्हणत राहिली थोडा वेळ. मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलावं असं वाटत होतं. मी तिच्याकडं तोंड करूनच बसले होते.

"बाटलीचं ऱ्हाऊ दे," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "काम करणाऱ्याच्या हातनं व्हतं. तू काय जाणून केलं न्हाय." मग पदर नीट केला. रागात नव्हती. दूध आलं का विचारताना जसा तिचा आवाज असतो, तसाच होता.

"पर तू त्यांनला लई बोलली व्हतीस, बाई."

"व्हय," मी म्हणाले.